टिप्परचा भाऊ डंपर

पाळी, २ डिसेंबर २०२४

चिरंजीव अमोल यास,

आशीर्वाद द्यायचे की नाही ते पत्र संपताना ठरवीन. सुलोचना म्हणते, "काकी, पत्राची सुरुवात अशी करत नाहीत." मी म्हटलं, बाई, तू बालवाडीत तीस वर्षं पोरांना वळण लावलंस, आता मला लावू नकोस. तिला मी अट घातली आहे. माझ्या तोंडातून जे पडेल ते सगळं कागदावर पडलं पाहिजे, मध्येच कोंबडीला शू केलं तरी. ज्या बाईला अक्षर येत नाही तिला आपलं बोलणं कोणी गाळलं तरी कळत नाही, म्हणून ही अट.

फोनवरच बोलले असते. पण तू उचलत नाहीस, आणि पत्राला "कामात आहे, मागनं करतो" असं सांगता येत नाही.

काल दुपारी आपल्या दारात एक पांढरी गाडी थांबली. मला वाटलं, खाणीवरचा कोणी साहेब रस्ता चुकला. उतरली एक बाई, पस्तिशीची असेल. पर्वरीची, नाव स्नेहा. हातात पांढरी फुलं. मला बघितलं आणि थेट पायाशी वाकली. म्हणाली, "आजी, यायला उशीर झाला. टिप्परचं कळलं तेव्हापासून मनात होतं."

टिप्पर तेव्हा आमच्या दोघींच्या मधे बसून बांगड्याचं डोकं खात होता.

मी तिला कदेलावर बसवलं, पाणी दिलं. मग तिच्याकडून एकेक निघत गेलं. म्हणे उन्हाळ्यात तू फोनवर जगाला हाक घातलीस. पाळीची गरीब आजी, तिचा कुत्रा खनिजाच्या ट्रकखाली सापडला, मागचा पाय मोडला, पायात सळी घालायची आहे, आजीकडे काही नाही. लोकांनी दिले. ह्या बाईनेही दिले. मग पावसात तू कळवलंस की टिप्पर गेला, आजीने अंथरूण धरलंय, सगळ्यांचे आभार. तिने मला फोनही दाखवला. वर टिप्परचा फोटो, त्याला हार. खाली मी, तोंड उघडं टाकून रडणारी. अक्षरं मला वाचता येत नाहीत, पण फोटो येतात. त्या फोटोबद्दल आज मी बोलणार नाही.

एवढ्यात टिप्परने डोकं संपवलं आणि तिच्या मांडीवर पंजा ठेवला.

"आजी, हा कोण?"

आता काय सांगू? "हा? हा त्याचा भाऊ."

"हो? नाव काय ह्याचं?"

"डंपर."

अमोल, माझं वय किती आणि थापेचा वेग किती. ती बिचारी "डंपर, डंपर" करून हाका मारत बसली आणि हा मान वर करीना. मी म्हटलं, भाऊ गेल्यापासून त्याला ऐकायला कमी येतं. त्यावर ती बाई रडली. माझ्या दारात, माझ्या थापेवर, परकी बाई रडली. मला धरणीने गिळलं असतं तर बरं झालं असतं, पण ती सध्या खाणीत गुंतलेली आहे.

फुलं मी तुझ्या आजोबांच्या फोटोला घातली. का, ते तुला माहीत आहे.

आता माझं ऐक. तो ट्रकखाली आला तेव्हा तू मला म्हणालास, "आजी, म्हापशाच्या दवाखान्यात सळी घालतात, पण पैसे लागतील." मी अंगणातलं मानकुराद आंब्याचं झाड दोन हंगामांसाठी रामचंद्राला मक्त्याने दिलं. पैसे हातात आले तसे तुझ्या हातात ठेवले, मोजलेसुद्धा नाहीत. मे महिन्यात मी माझ्याच झाडाखाली पाहुणीसारखी उभी होते. पडलेला आंबा उचलला की रामचंद्राचा गडी खाकरायचा.

म्हणजे एका पायाचे पैसे तू दोनदा घेतलेस. एकदा झाडाकडून, एकदा जगाकडून. की माझंच काही चुकतंय? चुकत असेल तर सांग. मी थाप मारली ती तुला वेळ मिळावा म्हणून. ये, आणि तुझ्या तोंडाने काय ते बोल.

शू! शू! सुलोचना, ती पिवळी कोंबडी बघ, उन्हात टाकलेल्या सोलांवर चढली.

आशीर्वाद अर्धे.

तुझी आजी सत्यवती

*

पाळी, ११ डिसेंबर २०२४

अमोल,

पत्र मिळालं असणार. मुरगावला बोटी सातासमुद्रापारच्या येतात, पाळीचं पाकीट पोचणार नाही असं नाही.

तुला राग आला असेल तर येऊ दे. मला दुसरीच काळजी आहे. टिप्परच्या त्याच पायातून पू येतो. आठ-दहा दिवस पाय टेकत नव्हता, मी म्हटलं थंडी असेल. मग वास यायला लागला. सुलोचना आणि मी त्याला गोणपाटावर घालून रिक्षाने गुरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर भला माणूस. पू काढला, धुतलं, इंजेक्शन दिलं, आणि घेतले ते केसपेपरपुरते. पण म्हणाला, "आजी, आतली सळी सैल झाली आहे. ती काढायला हवी, आणि ते इथे होत नाही. घातली तिथेच न्या. ह्या महिना-दीड महिन्यात काढली नाही तर पाय कापावा लागेल. आणि विष वर चढलं तर पायावरही थांबणार नाही."

मग त्याने विचारलं, "तीन महिन्यांनी दाखवायला बोलावलं असेल ना तिथे? नेलं होतं?"

मी म्हटलं, "नेलं होतं तर!"

ही तुझ्यासाठी दुसरी थाप. पण रिक्षात बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीन महिन्यांनी म्हणजे पावसात. पावसात तर तू त्याला मारून ठेवला होतास. ज्या दवाखान्याचं नाव तू जगाला सांगितलंस, त्याच्या पायऱ्या मेलेला कुत्रा कसा चढणार? म्हणून नेलं नाहीस. मला सांगितलंही नाहीस, कारण मी पायी निघाले असते.

माझ्याकडे आता द्यायला झाड नाही. ते येत्या मे महिन्यापर्यंत रामचंद्राचं आहे. म्हशी तुझ्या आजोबांच्या आजारात गेल्या. सुलोचना म्हणाली, "काकी, आपणही फोनवर मागूया की लोकांकडे, खरं सांगून." आणि बोलता बोलता तिनेच फोन खाली ठेवला. मेलेल्या कुत्र्याच्या पायासाठी कोण देणार? त्याच्यासाठी मागायचं तर आधी तो जिवंत आहे हे सांगायला हवं. आणि तो जिवंत आहे म्हटलं की तू काय आहेस तेही सांगावं लागतं.

बघ, कसं बांधून ठेवलंस मला. एका बाजूला कुत्र्याचा पाय, दुसऱ्या बाजूला नातवाचं नाव.

गणपतीच्या चवथीला तू नवी मोटरसायकल घेऊन आलास ते आठवतंय? म्हणालास, कंपनीने कर्ज दिलं. मी तिला कुंकू लावलं, नारळ ओवाळला. टिप्परने तिचा वास घेऊन बघितला आणि चाकावर पाय वर केला. तोच, सळीचा. आपण सगळे किती हसलो! आता वाटतं, त्याने हक्काने केलं.

विकून टाक ती. नाहीतर विकू नकोस, पण टिप्परला घेऊन जा म्हापशाला. त्या बाईला काय सांगायचं ते तू ठरव. मी तोपर्यंत डंपर सांभाळते.

तुझ्या आईला, सुमनला, तिच्या शेवटच्या घटकेला मी सांगितलं होतं, तुझा पोर माझ्याकडे आहे, तू निर्धास्त जा. तुझा बाप खाण बंद पडल्यावर कतारला गेला आणि तिथलाच झाला, त्याच्याकडून मी काही धरलं नव्हतं. तुझ्याकडून धरलं. एवढाच माझा गुन्हा.

आजी

*

पाळी, २३ डिसेंबर २०२४

अमोल,

काल रविवारी तुझा फोन आला. माझ्याकडे नाही, सुलोचनेकडे. तिने मोठ्या आवाजावर लावला. जे बोललास ते मी पुन्हा लिहून घेते आहे, म्हणजे तुला एकदा वाचता येईल. ऐकताना माणसाला स्वतःचा आवाज गोड लागतो.

तू म्हणालास, "आजी, तू ग्रेट आसस गो! भाऊ! माका सुचला नसता."

मी म्हटलं, "पायाचा काय?"

"तेच सांगतंय. आता डंपराच्या नावान घालूया. सुलोचनाकाकीक सांग पायाचो फोटो काढूक, पू दिसाक होयो. आणि तुझो एक. ह्या वेळी जरा रड."

मी विचारलं, "आणि आधीचो फोटो?"

"नाय गो, तो वापरून झालो."

सुलोचनेने फोन माझ्या हातातून काढून घेतला. तिला वाटलं मी तो विहिरीत टाकणार. टाकलाही असता, पण फोन तिचा.

नंतर तू तिला म्हणालास, "काकी, ऑपरेशन झालाच मां? मग फसवलंय कोणाक? लोकांक पैशे दिवक बरा वाटता." ती म्हणाली, "अमोल, तुला मीच पाटीवर पहिलं अक्षर गिरवून दिलं होतं," आणि फोन बंद केला. ते तू ऐकलंस की नाही तिला माहीत नाही, म्हणून लिहायला सांगितलं.

आता त्या फोटोबद्दल.

त्यात माझ्यामागे जनेलाला निळी ताडपत्री बांधलेली दिसते. ती ताडपत्री त्या जनेलाला एकदाच बांधली. तुझ्या आजोबांच्या बाराव्याला. पावसाने झोडपून काढलं होतं आणि आत जेवणावळ बसायची होती. मी बारा दिवस रडले नव्हते. लोक म्हणत होते, सत्यवती घट्ट काळजाची. मग सगळे पानावर बसले आणि तुझ्या आजोबांच्या नेहमीच्या जागी दुसराच कोणी बसलेला मी बघितला. तेव्हा तोंड उघडलं ते मिटेना. तू समोर फोन धरून उभा होतास. मला वाटलं, पोर आपलं रडणं लपवायला फोन तोंडासमोर धरतोय.

ते रडणं भिकाजीचं होतं रे. पन्नास वर्षांच्या संसारात त्या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नाही, एवढंच काय ते माझ्याकडून त्याला मिळालं. आणि तू ते कुत्र्याच्या नावावर खपवलंस. कुत्राही कोणाचा? खाण बंद झाली त्या वर्षी त्यांनी आपला टिप्पर ट्रक विकला, आणि त्याच्या चाकाखाली झोपणारं पिल्लू खिशात घालून घरी आणलं. म्हणाले, "एक टिप्पर गेलो, एक इलो." गेलेल्या माणसाचे अश्रू घेतलेस, आणि जिवंत ठेवलेला जीव मारलास. मोटरसायकल तेवढी धडधाकट आहे.

तू येऊन म्हणाला असतास, "आजी, माका गाडी होयी," तर मी झाडाबरोबर विहीरही मक्त्याने दिली असती. तुला माहीत होतं ते. तरी मागितलं नाहीस.

पौषात आपल्या बायका रात्री धालो नाचतील. धालोच्या मांडावर देवीला गाऱ्हाणं घालायचं माझ्याकडेच असतं, ते तुला सांगायला नको. मांडावर पाय ठेवताना बायका चपला बाहेर काढतात, आणि थापासुद्धा. पौर्णिमेपर्यंत आलास तर घरात बोलू. नाही आलास तर मला बोलायला तेवढीच जागा आहे.

आजी

*

पाळी, १८ जानेवारी २०२५

अमोल,

नाही आलास.

धालोच्या पहिल्या रात्री मांडावर दिवा लावला. पन्नासएक बाया दोन रांगांत समोरासमोर उभ्या. मी गाऱ्हाण्याला सुरुवात केली. दरवर्षीसारखी एकेका घराचं नाव घेत गेले. कोणाचा मुलगा बोटीवर आसा, कोणाची सून बाळंत होऊची आसा, गे माये, त्यांका राख. बाया म्हणत होत्या, "व्हय गे माये!" आणि मग आपल्या घराची पाळी आली.

दरवर्षी मी म्हणते, माझो अमोल मुरगावात आसा, त्येका राख. तुझं नाव ओठांपर्यंत आलं होतं, खोटं कशाला सांगू. पण ते पुढे येईना. बायका थांबल्या. मग मी म्हटलं, "गे माये, माझ्या घरात एक कुत्रो आसा. तो जितो आसा. त्येका माझ्याच रक्तान मेलो म्हणान सांगितलो, लोकांचो पैसो घेतलो, आणि मी ता झाकूक दोनदा खोटा बोललंय. माझा काय ता माझ्या पदरात घाल. मुको जीव तेवढो राख."

कोणी "व्हय" म्हणेना. असं मांडावर कधी झालं नव्हतं. मला वाटलं, आता ह्या मला रांगेतून बाहेर काढतात. मग मागून कमलची म्हातारी सासू, जिला ऐकूच येत नाही, ती सवयीने ओरडली, "व्हय गे माये!" आणि सगळ्या ओरडल्या.

दुसऱ्या दिवशी बायका जमल्या. ह्या वर्षी धालोच्या शेवटच्या रात्रीसाठी सगळ्यांनी एकसारख्या निळ्या साड्या घ्यायचं ठरलं होतं, वर्षभर महिन्यामहिन्याला पैसे बाजूला टाकत होत्या, साखळी बाजारातल्या दुकानदाराला सांगूनही ठेवलं होतं. ते पैसे त्यांनी सुलोचनेच्या पदरात टाकले. मी नको नको म्हटलं. कमल म्हणाली, "काकी, गप रव. निळो रंग माका नायतरी शोभणा नाय." शेवटच्या रात्री प्रत्येक जण आपापली जुनी साडी नेसून नाचली. लांबून बघणाऱ्याला गोधडी वाळत घातल्यासारखं दिसलं असेल. मी इतकी वर्षं धालो बघितले, असे बघितले नाहीत.

पर्वरीच्या स्नेहाबाईंनाही फोन केला. सुलोचनेने लावला, बोलले मी. सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे डंपर?" मी म्हटलं, डंपर कोणी नाही, बाय. टिप्परच तो.

त्या म्हणाल्या, "आजी, मी पैसे पाठवले त्या आठवड्यात माझी कुत्री गेली होती. तिच्या औषधासाठी ठेवलेले उरले होते, ते पाठवले होते." बस. फोन ठेवला. शिवी दिली असती तर मला झोप लागली असती. संध्याकाळी पुन्हा त्यांचा फोन आला, फक्त एवढं सांगायला की बाकी ज्यांनी दिले त्या सगळ्यांना त्या कळवणार आहेत. मी नको म्हटलं नाही. तेव्हा तुझा फोन वाजला, तर तो आजीचा नसेल.

म्हापशाला आम्हाला रामचंद्राने आपल्या पिकअपने नेलं. झाड काही सोडलं नाही हां, धंदा तो धंदा. पण पेट्रोल आपलं घातलं, आणि येताना जाताना टिप्पर त्याच्यावर गुरगुरत होता तेही सोसलं. दवाखान्यातली डॉक्टरीण कागद बघून म्हणाली, "हा टिप्पर? पण हा तर..." मी म्हटलं, बाय, तो वारला होता, आम्ही परत आणला. ती हसली नाही. तिने टेबलावर घेतला.

सळी काढली. ती मी मागून घेतली आणि धुऊन ह्या पाकिटात घालते आहे. दोनदा पैसे लागलेली वस्तू आहे, जपून ठेव.

पुढचं काही ह्या पत्रात नाही. पाय राहिला का, जीव राहिला का, ते तुला कळवायचं नाही असं मी ठरवलं आहे. तू त्याला हार घातलास, लोकांचे आभार मानलेस. तुझ्याकडे तो गेलेला आहे. गेलेल्याची खुशाली पत्रात लिहीत नाहीत.

माझ्याकडे तू काय आहेस ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तो फोटो मात्र काढून टाक. तुझ्या आजोबांना हवा असेल.

एवढंच. सुलोचना, माझं नाव घाल खाली, आणि अरे, अरे, हाड! तीन पायांनी पळतो बघ मेला! रामचंद्राची चप्पल आहे ती, सोड! सोड म्हणते ना, टिप्पर! — सुलोचना, हे लिहू नकोस.